बाबांची निळी फाईल आणि श्टुटगार्टच्या डॉक्टरबाई

गेल्या रविवारी ताई आणि भाची दिवसभर आमच्याकडे कोथरूडला होत्या. भाची सप्टेंबरअखेर कार्ल्सरूहला चाललीये मास्टर्सला, आणि सध्या घरात दुसरा विषयच नाही. कुकर इथून न्यायचा का तिकडे घ्यायचा, भाजणी किती, गोडा मसाला किती, थर्मल घ्यायला तुळशीबागेत कधी जायचं. मी ८ वर्षं श्टुटगार्टला राहून २०२२ मध्ये परत आले, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात आणि मला ते मनापासून आवडतं.

जेवणं झाल्यावर ताईने औषधांची पिशवी पलंगावर ओतली आणि म्हणाली, बघ गं यातलं काय चालेल. क्रोसिन, ओआरएसची पाकिटं, अमृतांजन, हिंगाष्टक, सितोपलादी, केमिस्टने "असू द्या" म्हणून दिलेले अँटिबायोटिकचे तीन कोर्स, आणि तळाशी रबरबँड लावलेल्या आयर्नच्या गोळ्यांच्या सहा स्ट्रिप्स. त्या स्ट्रिप्स हातात घेतल्या आणि मी एकदम गप्प झाले. का ते पुढे सांगते.

भाचीने तेवढ्यात विचारलं, "मावशी, औषधं जाऊ दे, तिकडे चांगला डॉक्टर कसा शोधायचा ते सांग. गुगलवर स्टार बघून जायचं का?" मी तिला जमेल तेवढं सांगितलं पण ते तुटक तुटक झालं, आणि रात्री झोपच येईना कारण या प्रश्नाचं उत्तर मला कुणी २०१४ मध्ये सांगून ठेवायला हवं होतं. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. तिच्यासाठी, आणि दर वर्षी पुण्यातून तिकडे जाणाऱ्या इतक्या मुलामुलींसाठी.

आम्ही नोव्हेंबर २०१४ मध्ये गेलो. नवऱ्याची कंपनी इथे चाकणला, हेड ऑफिस तिकडे. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या दोन लेव्हल केलेल्या, पाव आणता येईल, तिकीट काढता येईल इतपत भाषा. तिसऱ्याच आठवड्यात मला ताप आला. बुधवार होता. अंगात कसकस, घसा धरलेला, बाहेर दोन डिग्री, आणि आम्ही दोघं दुपारी अडीच वाजता डॉक्टर शोधत रस्त्याने चाललोय. पहिल्या दवाखान्याच्या दारावर पाटी, बुधवारी दुपारनंतर बंद. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावर तीच. मला कुणी सांगितलंच नव्हतं की जर्मनीत बुधवारी दुपारी बहुतेक दवाखाने बंद असतात. पुण्यात कसं, १ ते ४ सगळं बंद हे आपल्या रक्तात असतं, पण संध्याकाळी सहाला डॉक्टर येणार हेही ठाऊक असतं. तिथे संध्याकाळी कुणीच येणार नव्हतं.

शेवटी एका औषधाच्या दुकानातल्या बाईंनी कागदावर नंबर लिहून दिला, ११६११७. हा नंबर भाचीने आधी फोनमध्ये सेव्ह करावा. दवाखाने बंद असतात त्या वेळचे ड्युटीवरचे डॉक्टर या नंबरवरून कळतात. जीवावरचं काही असेल, छातीत दुखतंय, श्वास लागतोय, ॲक्सिडेंट, तर ११२. बाकी तापखोकल्याला ११६११७. दोघांत गल्लत करू नये, कारण तापासाठी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन बसलं तर पाच पाच तास बसावं लागतं आणि खऱ्या अडलेल्याची जागा अडते.

तर त्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला तपासलं, व्हायरल आहे म्हणाले, भरपूर चहा प्या, झोपून राहा, शुक्रवारपर्यंत सुट्टीचा कागद देतो. संपलं. इंजेक्शन नाही, अँटिबायोटिक नाही, साधी खोकल्याची बाटली नाही. मी बाहेर येऊन रडले. मला वाटलं परदेशी म्हणून आपल्याकडे लक्ष दिलं नाही. रात्री बाबांना फोन केला, बाबा सकाळी उठून आमच्या सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे गेले आणि फोनवरच माझा आजार सांगून गोळ्यांची नावं घेऊन आले, जी नावं मला तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारच नव्हती. सहा दिवसांत मी आपोआप बरी झाले. आता मागे वळून बघताना वाटतं त्या डॉक्टरांचं औषध न देणं अगदी बरोबर होतं, व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. पण त्या रात्री मला औषधापेक्षा कुणीतरी "काळजी करू नका, परवा परत या" म्हणायला हवं होतं, आणि ड्युटीवरचा अनोळखी डॉक्टर ते म्हणू शकत नाही, त्याच्याकडे परवा आपण जाणारच नसतो. म्हणून भाचीला पहिली गोष्ट हीच सांगितली की गेल्यावर पहिल्या महिन्यात, ठणठणीत असताना, डॉक्टर शोधून ठेव. ताप आल्यावर शोधायला निघू नकोस.

तिकडे आपल्या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स्ट म्हणतात, शब्दशः घरचा डॉक्टर. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून जवळचा वाटला. आमच्या लहानपणी घरचे डॉक्टर म्हणजे चप्पल बाहेर काढून लाकडी बाकावर बसायचं, कंपाउंडर काका पुड्या बांधतायत, लाल औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एकेक खूण एकेक डोस. आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हा ते डॉक्टर रात्री साडेअकराला स्कूटरवर आलेले मला आठवतात, स्वेटर उलटा घातलेला. डॉक्टर म्हटलं की माझ्या डोक्यात ते उभे राहतात आणि मी श्टुटगार्टला नकळत त्यांनाच शोधत होते.

मी आधी स्टार बघूनच शोधलं. स्टार बघून एवढंच कळतं की रिसेप्शनवरची बाई गोड बोलते का आणि वाट किती बघावी लागते. चांगले रेटिंग असलेल्या पाच ठिकाणी फोन केले, चार ठिकाणी एकच वाक्य, आम्ही नवीन पेशंट घेत नाही. हे ऐकून खचून जायचं नाही, आपल्यावर राग नसतो, त्यांच्याकडे खरंच जागा नसते. पाचव्याने घेतलं. ते डॉक्टर सभ्य होते, पण चार मिनिटांत बाहेर. त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.४, म्हणाले शाकाहारी आहात ना, मग होणारच, आयर्न घ्या.

आता हे आयर्न. मी नववीत असल्यापासून आयर्न घेत होते. पुण्यात कुठल्याही डॉक्टरकडे गेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की पुढचं वाक्य ठरलेलं, रक्त कमी आहे. मग गोळ्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट, आईने मुद्दाम आणलेली लोखंडी कढई, हळिवाचे लाडू. गोळ्यांनी पोट साफ व्हायचं नाही, मळमळायचं, तरी घ्यायचे. हिमोग्लोबिन दहा-साडेदहाच्या वर कधी गेलंच नाही. मग दोष माझा, तू नीट घेत नाहीस, तू जेवत नाहीस. कॉलेजात असताना एका डॉक्टरने आईसमोर मला विचारलं होतं, डाएटिंग करतेस का? मी नव्हते करत. १५ वर्षं मला वाटत होतं की आपल्या शरीराला खाल्लेलं लागत नाही. आणि परदेशातल्या पहिल्या डॉक्टरनेही तेच निदान केलं, म्हटलं असेल बुवा खरंच.

वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, मूळच्या ग्रीसच्या. साठच्या दशकात फॅक्टरीत कामाला आलेल्या. जर्मनीने तेव्हा बाहेरून कामगार बोलावले होते, इटलीशी १९५५ मध्ये करार झाला, ग्रीस आणि स्पेनशी १९६० मध्ये, तुर्कस्तानशी १९६१ मध्ये, आणि श्टुटगार्टकडे गाड्यांचे कारखाने म्हणून तिकडे ही सगळी मंडळी भरपूर. मी जिना चढताना धापा टाकत थांबलेली त्यांनी बघितलं, चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर ट्रामने त्यांच्या डॉक्टरबाईंकडे आल्या. रिसेप्शनवर म्हणाल्या, ही माझी शेजारीण आहे, हिला घ्या. घेतलं. जिथे फोनवर नवीन पेशंट बंद असतात तिथे ओळखीने जागा निघते, हे वाचून पुणेकरांना काही नवल वाटणार नाही. पण नवीन माणूस परदेशात ओळख काढायला लाजतो, मी लाजत होते. शेजारी, ऑफिसमधले लोक, मुलं असतील तर बालवाडीतल्या इतर मुलांच्या आया, सरळ विचारायचं, तुम्ही कुणाकडे जाता? तुम्हाला बोलू देतात का? हा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्या वेटिंग रूमची एक गोष्ट सांगते. आत येणारा प्रत्येक माणूस दारातून सगळ्यांना गुटन मॉर्गन म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. परत जाताना पण. मला आधी वाटलं सगळे एकमेकांना ओळखतात की काय. नंतर कळलं ही रीतच आहे. आजारी माणसांच्या खोलीत कुणी शिरताना आधी नमस्कार करतो हे मला इतकं आवडलं की मी इथे पुण्यात पण करते, लोक जरा दचकतात पण उत्तर देतात.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या असतील. बाहेर येऊन हात मिळवून आत घेऊन गेल्या. पहिला प्रश्न, काय होतंय. दुसरा, कुठल्या तुम्ही. मी म्हटलं इंडिया. त्या म्हणाल्या ते फार मोठं आहे, इंडियात कुठे? आई-वडील कुठले, आजी-आजोबा कुठले, घरात अजून कुणाला रक्त कमी आहे का? मी म्हटलं आईला, मावशीला, बहिणीला, सगळ्यांनाच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, जुने रिपोर्ट आहेत का?

माझ्याकडे नव्हते. पण बाबांकडे होते. आमचे बाबा बँकेत होते, कागद फेकणं त्यांना माहीतच नाही. प्रत्येकाच्या नावाची एक फाईल, माझी निळी, १९९८ पासूनचे सगळे रिपोर्ट पंच करून तारखेवार लावलेले. मी फोन केला, ते दुसऱ्या दिवशी शनिपाराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन तास उभं राहून सगळे स्कॅन करून मेल करते झाले. एकूण ११ सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजलेले रिपोर्ट. मी प्रिंट काढून घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी ते टेबलावर ओळीने मांडले, पत्ते मांडतो तसे. आणि हिमोग्लोबिनकडे बघितलंच नाही. त्यांचं बोट त्याच्या खालच्या ओळींवर फिरत होतं. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, प्रत्येक रिपोर्टमध्ये साठ-पासष्टच्या आसपास, नॉर्मल ऐंशीच्या पुढे असतं. आणि लोह कमी असेल तर लाल पेशींची संख्याही कमी असायला हवी, ती उलट जास्त, ५.६ मिलियन. त्यांनी एक रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने भागाकार केला, ६३ भागिले ५.६. उत्तर आलं ११ आणि काहीतरी. म्हणाल्या, हे उत्तर १३ च्या खाली आलं की आम्हाला एका गोष्टीची शंका येते, आयर्न कमी असेल तर ते सहसा १३ च्या वर येतं. मग फेरिटिन तपासलं, ते ७८, म्हणजे शरीरात लोह व्यवस्थित. मग हिमोग्लोबिनचा आणखी एक टेस्ट, एचबीए-टू, तो ३.५ पर्यंत असावा, माझा ५.१.

बीटा थॅलेसेमिया मायनर. आजार नाही, आई किंवा वडलांकडून आलेला एक जीन, त्यामुळे पेशी लहान आणि हिमोग्लोबिन थोडं कमी, जन्मभर. लोहाची कमतरता नसताना गोळ्यांनी वाढणारच नाही, उलट उगीच लोह घालत राहू नये. जर्मनमध्ये याला भूमध्य समुद्राचा पंडुरोग अशा अर्थाचं नाव आहे, कारण इटली, ग्रीस, तुर्कस्तान त्या भागात हा खूप दिसतो. डॉक्टरबाईंचे निम्मे पेशंट तिकडचे, म्हणून त्यांची नजर तयार होती. आपल्याकडे सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा समाजात जास्त म्हणतात, त्यामुळे आमच्यासारख्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण जीन काही आडनाव बघून येत नाही.

मी त्या खुर्चीत बसून म्हटलं, म्हणजे मी जेवत नाही म्हणून नाही? त्या म्हणाल्या, नाही, तुमचं काहीच चुकलेलं नाही. ते वाक्य मी घरी येईपर्यंत ट्राममध्ये मनात म्हणत होते.

२०१७ मध्ये मला दिवस राहिले तेव्हा या निदानाची खरी किंमत कळली. आई आणि वडील दोघांनाही मायनर असेल तर प्रत्येक मुलाला मेजर व्हायची शक्यता चारात एक, आणि मेजर म्हणजे नियमित रक्त चढवत राहायचं आयुष्य. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त घेतलं. रिपोर्ट यायला आठवडा लागला आणि तो आठवडा आम्ही दोघं एकमेकांशी फक्त भाजी काय करायची एवढंच बोललो. त्याचा नॉर्मल आला. त्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी, दवाखाना बंद झाल्यावर.

भाषेचं पण सांगायला हवं कारण तिथे मी फार अडखळले. आजाराची भाषा क्लासमध्ये शिकवत नाहीत. मराठीत आपल्याकडे दुखण्याचे किती शब्द आहेत, ठणकतंय, सलतंय, चमक भरली, मुंग्या आल्या, गुबारा धरला, अंग मोडून आलंय. आणि पित्त. मी एकदा डॉक्टरला सांगितलं मला पित्त झालंय, डिक्शनरीत बघून पित्ताला गाले म्हणाले, तर त्यांनी मला पित्ताशयाच्या सोनोग्राफीला पाठवलं. त्यांचं काही चुकलं नाही, तिकडे गाले दुखतंय म्हटलं की पित्ताशयच समजतात. मला छातीत जळजळ म्हणायचं होतं, त्याला सोडब्रेनन म्हणतात. त्यांचेही असे शब्द आहेत, माझी जर्मन मैत्रीण आभाळ भरून आलं की म्हणायची आज माझा क्राइसलाउफ ठीक नाही, म्हणजे रक्ताभिसरण, आणि सगळे समजून मान हलवायचे. त्यांचं क्राइसलाउफ तसं आपलं पित्त.

मग मी एक छोटी वही केली. टोचल्यासारखं दुखतं ते ष्टेशेंड, बोथट मंद दुखतं ते डुम्फ, जळजळतं ते ब्रेनेंड, ओढ लागते ते त्सीएंड, ठणकतं ते पॉखेंड. कधीपासून, दिवसातून किती वेळा, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. डॉक्टरकडे जायच्या आधी पाच वाक्यं लिहून न्यायची आणि सरळ वाचून दाखवायची. इंग्लिश बोलणारे डॉक्टर मोठ्या शहरात मिळतात, फोन करताना विचारून घ्यावं, पण रिसेप्शनवर जर्मनच चालतं. डॉक्टरबाई माझी वही मागून घ्यायच्या आणि त्यात स्वतः एखादा शब्द लिहायच्या. ती वही मी भाचीला दिलीये.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. विमा हा तिथला पाया. सरकारी विम्याला पगाराच्या १४.६ टक्के आणि वर त्या त्या विमा संस्थेची थोडी जादा टक्केवारी, निम्मं आपण निम्मं कंपनी, आणि मग डॉक्टरला हातात एक पैसा द्यायचा नाही, कार्ड दर तिमाहीला एकदा मशीनमध्ये घालायचं. ३० वर्षांखालच्या स्टुडंट्सना सरकारी विमा सवलतीत मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खाजगी घेऊन सरकारीतून सूट मागू नकोस असं मी भाचीला तीनदा सांगितलं, कारण एकदा ती सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. स्पेशालिस्टकडे जाताना घरच्या डॉक्टरची चिठ्ठी नेलेली बरी, डोळ्यांच्या आणि बायकांच्या डॉक्टरकडे थेट जाता येतं. स्पेशालिस्टचा टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, कधी कधी तीन तीन महिने मिळत नाही, तेव्हा तोच ११६११७ उपयोगी पडतो, ते मिळवून द्यायला मदत करतात.

औषधं फक्त आपोटेके म्हणजे औषधाच्या दुकानातच, साधी पॅरासिटामॉल सुद्धा किराणा दुकानात नाही. आधी गुलाबी कागदावर लिहून द्यायचे, २०२४ पासून प्रिस्क्रिप्शन विम्याच्या कार्डवरच येतं. गोळ्यांच्या पाकिटामागे साधारण ५ ते १० युरो आपले. रविवारी दुकानं बंद, पण प्रत्येक भागात पाळीने एक उघडं असतं आणि बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. रात्री दोनला मी मुलीच्या तापासाठी अशा एका दुकानाची बेल वाजवली होती, दारातली छोटी खिडकी उघडली, झोपेतून उठलेल्या माणसाने आधी मुलीचं वजन विचारलं आणि मग औषध दिलं, रात्रीचे जादा अडीच युरो. ती छोटी उजेडाची खिडकी मला अजून दिसते.

इथून औषधं न्यायची तर स्वतःपुरती, तीन महिन्यांची, मूळ स्ट्रिपमध्ये, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव लिहून, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. अँटिबायोटिकचे तीन कोर्स मी ताईला परत पिशवीत टाकून केमिस्टकडे द्यायला लावले. ती जरा रागावली.

आता एक गोष्ट राहिली, जी मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. निदान झाल्यावर पुढच्या सुट्टीत पुण्याला आले तेव्हा मी आमच्या सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे गेले, फाईल घेऊन. मनात राग होता, खोटं कशाला बोलू, १५ वर्षं यांनी मला गोळ्या दिल्या. ते आता थकलेले, कंपाउंडर काका नाहीत, बाक तोच. त्यांनी चष्मा बदलला आणि ११ रिपोर्ट एकेक करून वाचले, दहा मिनिटं तरी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं गं हे. समोर होतं." मला काय बोलावं सुचेना. त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने माझं निदान लिहिलं, खाली सही केली, आणि म्हणाले, ताईची करून घे, तिच्या मुलीची पण, लग्नाच्या आधी तरी नक्की. माझा राग तिथेच गेला. राहून गेलं असं म्हणणारा डॉक्टर मला त्यानंतर दोन देशांत दुसरा भेटलेला नाही. दोन वर्षांनी ते गेले. दवाखाना आता नाही.

आणि ताईची टेस्ट राहिली. मी श्टुटगार्टला परत गेले, ताई म्हणाली करू, मग भाचीची दहावी, मग बारावी, मग कोविड. मी मागे लागायला हवं होतं, लागले नाही. हे माझं चुकलं.

म्हणून रविवारी त्या आयर्नच्या स्ट्रिप्स बघून मी गप्प झाले. भाचीला म्हटलं तुझा शेवटचा सीबीसी दाखव. ॲडमिशनच्या वेळी केलेला, तिच्या फोनमध्ये होता. हिमोग्लोबिन १०.६. मी स्क्रीन खाली सरकवली, एमसीव्ही ६४, लाल पेशी ५.४. वाण्याच्या बिलाच्या मागे भागाकार केला. ११.९ आलं. ताई बघत होती, म्हणाली, काय झालं गं?

सोमवारी सकाळी आम्ही तिघी लॅबमध्ये गेलो, दोघींचं रक्त दिलं, फेरिटिन पण सांगितलं कारण लोह खरंच कमी असेल तर एचबीए-टू खोटाच कमी दिसू शकतो. काल रिपोर्ट आले. भाचीचा ५.३, ताईचा ४.९, फेरिटिन दोघींचं चांगलं. कोथरूडच्या आमच्या आत्ताच्या डॉक्टरांना दाखवून त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका प्लीज, रक्त कमी असलेल्या बऱ्याच बायकांना खरंच लोहाची कमतरता असते आणि काहींना दोन्ही असतं, आधी टेस्ट.

ताई रात्री फोनवर रडली. म्हणाली, मी हिला किती बोलले गं, बीट खात नाहीस म्हणून.

बाबा आज ७९ वर्षांचे आहेत. त्यांना सांगितलं तर काही बोलले नाहीत, दुपारी काठी घेऊन लक्ष्मी रोडला गेले आणि एक नवीन फाईल घेऊन आले. या वेळी हिरवी मिळाली. रिपोर्ट पंच केले, पहिल्या पानावर भाचीचं नाव, रक्तगट, आणि खाली त्यांच्या बँकेतल्या अक्षरात बीटा थॅलेसेमिया मायनर, आधी देवनागरीत आणि मग मला स्पेलिंग विचारून जर्मनमध्ये. आत्ता ती फाईल भाचीच्या केबिन बॅगेत पासपोर्टशेजारी आहे. भाजणी चेक-इनमध्ये गेली.